डेल्टा फोर्स परत आलाय. आमच्या चौघांना गोळा करू की नको?

वरणगावकर८९

ज्यांनी २००३ चा ‘डेल्टा फोर्स: ब्लॅक हॉक डाउन’ हा सैनिकी गोळीबाराचा कॉम्प्युटर गेम सायबर कॅफेत बसून खेळलाय, त्यांच्याकडून मला सल्ला हवाय. नवीन डेल्टा फोर्स डिसेंबर २०२४ मध्ये पीसीवर आला, तेव्हापासून मी खेळतोय. गेम चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो. तरी खेळून उठलो की दर वेळी मन खट्टू होतं. का होतं ते मला एका वाक्यात मांडता येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी वरणगावचा. बाबा ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, त्यामुळे शाळा संपेपर्यंत आम्ही फॅक्टरीच्या वसाहतीतच राहिलो. बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगतो, १९६४ सालची ही फॅक्टरी रायफलींची काडतुसं बनवते. लष्कराच्या इन्सास रायफलमध्ये जाते ती ५.५६ मिलिमीटरची गोळी आमच्याकडची. घरात ‘राऊंड’ हा शब्द डाळ-तांदळासारखा वापरात होता. बाबा बोलायचे कमी, पण हिशेब सुटलेला त्यांना चालायचा नाही.

२००५ ची गोष्ट. दहावीची परीक्षा झाली आणि आम्ही चौघं मोकळे सुटलो. भुसावळला जामनेर रोडवर एका तळघरात सायबर कॅफे होता. आठ कॉम्प्युटर, एक मोठा कूलर, तासाला वीस रुपये. बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर, रस्त्यावर कुत्रं दिसायचं नाही, आणि आम्ही एसटीने येऊन त्या ओल्या वाळ्याच्या वासात शिरायचो. चौघांत मिळून बहुतेक वेळा वीसच रुपये असायचे. म्हणजे एक तास, एक कॉम्प्युटर, एक खुर्ची.

म्हणून आम्ही गेम वाटून घेतला होता. एकाच्या हातात माऊस. एकाचा हात कीबोर्डवर, पुढे-मागे चालवायला आणि मॅगझिन बदलायला. तिसरा नकाशाकडे बघून ओरडायचा, “डावीकडे गच्चीवर एक!” चौथा दाराशी उभा राहून घड्याळ बघायचा, कारण तास भरत आला की कॅफेवाले दादा पुढच्या गिऱ्हाइकाला बसवायचे. पहिलं मिशन मार्काचं. हमव्ही या लष्करी गाडीच्या वर बसवलेली मशीनगन, धुरळ्याचा रस्ता, दोन्ही बाजूंनी गोळीबार. ते मिशन आम्ही किती वेळा केलं असेल याची गणतीच नाही. कोणत्या वळणावर कोण उठतो ते पाठ झालं होतं. पुढे ‘आयरीन’ हा हल्ला सुरू करायचा इशारा कानावर पडला आणि हेलिकॉप्टरं उडाली, तेव्हा चौघांच्या अंगावर काटा आला होता. मोगादिशू कुठे आहे, ३ ऑक्टोबर १९९३ ला तिथे अमेरिकी सैनिकांची जी लढाई झाली, ज्यावर हा गेम बेतलाय, ती काय होती, हे मी नंतर वाचनालयात जाऊन वाचलं. त्या वयात सोमालिया हा देश माझ्यासाठी त्या गेममुळे नकाशावर आला.

लॅनवर, म्हणजे खोलीतले कॉम्प्युटर वायरीने एकमेकांना जोडून, एकमेकांविरुद्ध खेळणं नंतर आलं. अकरावीत खिशात थोडे पैसे आले तेव्हा.

आता नवीनबद्दल. हा गेम जुन्या गेमच्या मूळ कंपनीने, नोव्हालॉजिकने, केलेला नाही. त्यांचे हक्क २०१६ मध्ये दुसऱ्या कंपनीने घेतले, आणि नवा गेम चीनच्या टेन्सेंट कंपनीच्या टिमी स्टुडिओतल्या टीम जेडने बनवलाय. सगळा जोर मल्टिप्लेअरवर, म्हणजे नेटवरून अनेकांनी एकत्र खेळण्यावर. एका बाजूला बत्तीस विरुद्ध बत्तीसची लढाई, रणगाडे, हेलिकॉप्टर. दुसरीकडे ‘ऑपरेशन्स’, ज्यात तिघांची तुकडी आत जाते, माल गोळा करते आणि जिवंत बाहेर पडली तरच तो माल तिचा. मेलात तर अंगावरचं बहुतेक सगळं गेलं.

या ऑपरेशन्सने मला धरून ठेवलंय. कारण ऐका. त्यात आत जाण्याआधी गोळ्या विकत घ्याव्या लागतात, मोजून. पहिल्यांदा ती यादी उघडली आणि समोर लिहिलेलं दिसलं, ५.५६ × ४५. मी तिथेच थांबलो. २००५ मध्ये बाबा एकदा मला शोधत त्या तळघरात आले होते. रागावतील म्हणून आमचे चेहरे पडले. ते काहीच बोलले नाहीत, पाठीमागे उभे राहून दोन मिनिटं बघत राहिले, मग म्हणाले, “काय उडवून राह्यला रे इतक्या? आम्हाले एका एका राऊंडचा हिशेब द्यावा लागतो.” आणि मला घेऊन घरी निघाले. वीस वर्षांनी त्याच मापाची गोळी मी मोजून खरेदी करत होतो आणि तीस गोळ्यांचं मॅगझिन उगाच रिकामं करताना माझा हात अडत होता. जुन्या गेमने मला हे कधी शिकवलं नव्हतं.

मग वाईट कशाचं वाटतं? फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी ब्लॅक हॉक डाउनची मोहीमही आणली. फुकट, सात प्रकरणं, नव्या इंजिनवर. मी रात्री अकराला, घरचे झोपल्यावर, हेडफोन लावून एकटाच बसलो. त्या गल्ल्या बघून डोळे भरून आले. आणि पहिल्या काही मिनिटांत मेलो. परत मेलो. गोळ्या कमी, शत्रू पटकन मारतो, कुठून मारलं ते कळायच्या आत पडदा काळा. ही मोहीम चौघांसाठी बांधलेली आहे. एकट्याने सुरू करता येते, पण तिचं सगळं गणित चार माणसांचं आहे. अनोळखी तिघांबरोबर जाऊन पाहिलं, ते मला मागे टाकून धावत सुटले. त्यांची चूक नाही, त्यांना माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं.

त्या रात्री मला ते तळघर आठवलं. तिथे गेम एकट्याचा होता, पण दुसऱ्याचा श्वास मानेवर लागायचा. इथे चौसष्ट माणसं एका मैदानात आहेत आणि खोलीत मी एकटा.

आमचे चौघं अजून आहेत. एक भुसावळ विभागात लोको पायलट आहे. एकाची रावेर तालुक्यात केळी आहे. एक हिंजवडीत. मी जळगावला पाइपच्या कारखान्यात मेंटेनन्सला. फोनवर बोलणं दिवाळीला आणि कोणाच्या घरी काही झालं तर. त्यांना या मोहिमेसाठी बोलवावं असं फार मनात आहे. पण रेल्वेवाल्याला कधीही ड्युटीचा कॉल येतो, निघावंच लागतं. केळीवाल्याला मोटारीची लाईट पुष्कळदा रात्रीची असते, तो पाणी धरायला जातो. जुना गेम एस्केप दाबून थांबवता यायचा. हा थांबत नाही. मधेच उठलं तर बाकीच्यांचा खेळ जातो. त्यांना या गोष्टीचा त्रास होईल, ते एकदा येतील आणि परत येणार नाहीत, अशी मला भीती आहे. मग त्यापेक्षा जुनाच गेम काढावा का? तुम्ही कोणी जुन्या मित्रांना असं परत जमवलंय का?

---

देवपूरचा_गडी

तुन्हं लिखेल वाचीसन मन भरी उनं भाऊ. मी धुळ्याचा, आमचा कॅफे पाचकंदीलजवळ होता. पण एक गोष्ट पटली नाही, ती बोलतो.

सगळे म्हणतात, जुनी एकट्याने खेळायची मालिका आता मल्टिप्लेअर करून टाकली. डेल्टा फोर्सच्या बाबतीत हे खरं नाही. १९९८ च्या पहिल्या भागापासून नोव्हालॉजिकची स्वतःची नोव्हावर्ल्ड ही ऑनलाइन सेवा होती आणि परदेशातल्या लोकांनी हा गेम मुख्यतः तिथेच खेळला. किंग ऑफ द हिल, टीम डेथमॅच, झेंडा पळवणं, हे सगळं तेव्हाचं. आपल्याकडे इंटरनेट डायल-अपचं, ताशी पैसे मोजायचे, म्हणून आपल्याला त्याचं मिशनवालं अंगच दिसलं. म्हणजे जे परत आलंय ते त्या मालिकेचं जुनंच रूप आहे. आपल्या गावापर्यंत ते तेव्हा पोचलं नव्हतं, इतकंच.

आणि मिशनं मी मागच्या वर्षी परत खेळलो. आपले सोबती सैनिक नेमके नेम धरलेल्या रेषेत येऊन उभे राहतात. आठवणीत होतं त्यापेक्षा बरंच साधं आहे ते. आमच्या कॅफेत खरी मजा रात्री नऊनंतर, लॅनवर, चार विरुद्ध चार. तेव्हाही गेम थांबत नव्हता बरं का. तास संपला की स्क्रीन बंद, मग टीम हरली तरी.

ज्या गेमसाठी माझा जीव तुटतो तो आयजीआय. २००० साली आला, त्यात मल्टिप्लेअर मुळीच नव्हतं, मिशनच्या मधे सेव्ह करायची सोय नव्हती. तळावर एकटा माणूस आणि दूर सायरन वाजतोय. उद्या तो कोणी चौसष्ट जणांचा करून आणला तर मी तुझ्यापेक्षा जास्त दुःखी होईन. कारण त्यात एकटेपणा हाच गेम होता. डेल्टा फोर्सचं तसं नाही. त्यामुळे तू मित्रांना बोलव. एक आला तरी बोलव.

---

कॅफेवाला_चाळीसगाव

मी २००१ पासून दहा वर्षं चाळीसगावला कॅफे चालवला. वरणगावकर, तुम्ही लिहिलेलं ते एका खुर्चीवर चार पोरं, हे दृश्य मी रोज बघितलंय. काही कॅफेवाले जास्तीच्या पोरांना हाकलायचे. मी कधी हाकललं नाही. ज्याच्याकडे पैसे नाहीत तोच पुढे जास्त मन लावून खेळतो, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

थोडं यंत्राच्या बाजूने सांगतो, कारण आपल्या भागात डेल्टा फोर्स इतका का रुजला त्याचं उत्तर तिथे आहे. माझ्याकडच्या सुरुवातीच्या सहा मशिनी सेलेरॉन या स्वस्तातल्या प्रोसेसरच्या, ग्राफिक्स कार्ड नाही. पहिला डेल्टा फोर्स आणि १९९९ चा दुसरा त्यावर चालायचे. नोव्हालॉजिकने १९९२ च्या कोमँचे या हेलिकॉप्टरच्या गेमपासून वॉक्सेलचं तंत्र वापरलं होतं. बाकीचे गेम जमीन त्रिकोण जोडून उभी करायचे आणि ते काम कार्डावर टाकायचे. हे लोक उंचीचा नकाशा घेऊन जमीन उभ्या उभ्या रेघांनी रंगवायचे, आणि ते काम प्रोसेसरच करायचा. म्हणून कार्ड नसतानाही लांबलांबच्या टेकड्या दिसायच्या. चित्र जवळून ठोकळ्या-ठोकळ्यांचं, पण गवतात पालथं पडून समोरच्या डोंगरावरचा ठिपका टिपायचा, ते दुसऱ्या कुठल्या गेममध्ये त्या मशिनीवर शक्यच नव्हतं. माझ्याकडची पोरं म्हणायची, हे तर आपल्या पाटणादेवीचे डोंगर आहेत.

ब्लॅक हॉक डाउनला मात्र कार्ड लागलं. मी चार मशिनींत जीफोर्सचं एमएक्स ४४० बसवलं, तेव्हा घरात बोलणी खाल्ली. दोन महिन्यांत पैसे वसूल झाले.

आता तुमचा मुद्दा. मला नव्या गेमची धास्ती वेगळ्या कारणाने वाटते. माझ्या कॅफेत नेट बंद पडायचं, कधी कधी दोन-दोन दिवस. पण लॅन चालू. आठ पोर्टचा एक हब, चार-पाच वायरी, आणि सगळा गेम त्या खोलीत. कोणाला विचारायला नको. भारनियमनात जनरेटर लावायचो, डिझेल संपेपर्यंत पोरं उठायची नाहीत. नवीन गेमचं सगळं कंपनीच्या सर्व्हरवर आहे, तुमची मोहीमसुद्धा सर्व्हरला जोडल्याशिवाय उघडत नाही. गेमस्पाय नावाची सेवा होती, त्या काळातले कितीतरी गेम ऑनलाइन जुळणीसाठी तिच्यावर उभे होते. ३१ मे २०१४ ला ती बंद झाली. ज्या गेमना लॅन होतं ते आजही खोलीत लावता येतात, बाकीच्यांना लोकांनी खटपट करून दुसरी वाट काढून दिली तर दिली. नव्या डेल्टा फोर्सचं तसं काही झालं तर तुमच्या चौघांच्या हातात काय राहील? निदान जुन्याची कॉपी प्रत्येकाकडे असू द्या. स्टीम आणि जीओजी या गेम विकणाऱ्या साइटांवर मिळते, अधिकृत.

एक गोष्ट मनापासून बोलतो. तेव्हा माझ्या मशिनींवर जे होतं ते सगळं कॉपी केलेलं होतं. या भागात विकत घ्यायला दुकानच नव्हतं हे खरं, पण ज्यांनी बनवलं त्यांना माझ्या दहा वर्षांच्या धंद्यातून एक रुपया गेला नाही. मागच्या वर्षी मी सगळे भाग पैसे देऊन घेतले. खेळायला वेळ नाही. तरी घेतले.

---

शहादेकर०६

दादा, मी इथे सगळ्यात लहान असेन. इंजिनिअरिंगला आहे, हॉस्टेलवर राहतो. मी कधी सायबर कॅफेत बसलेलो नाही. तुमच्यासाठी डेल्टा फोर्स हे नाव आहे, माझ्यासाठी तो २०२४ चा गेम आहे. त्यामुळे माझं वेगळं वाटेल.

मी बत्तीस-बत्तीसवाल्या लढाईत बहुतेक वेळा स्टिंगर घेतो, म्हणजे जखमींना उठवणारा. परवा एका सामन्यात एक अनोळखी माणूस मला सारखा सापडत होता, मी त्याला चार वेळा उठवलं. शेवटी त्याने हेलिकॉप्टर उतरवलं आणि मी बसेपर्यंत थांबला, गोळीबारात. नाव माहीत नाही, भाषा माहीत नाही. मी रात्रभर खूश होतो. तुम्ही म्हणता खोलीत एकटा असतो. मला तसं वाटलं नाही.

आणि हॉस्टेलवर आम्ही तिघं एकाच खोलीत, तीन लॅपटॉप घेऊन ऑपरेशन्स खेळतो. एक शिरपूरचा, एक तळोद्याचा, मी शहाद्याचा. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटचं. “मागे बघ, मागे!” असं आम्हीपण तोंडाने ओरडतो, माइक बंद ठेवून. तळोद्याच्या मित्राचा लॅपटॉप जुना, त्याच्यावर गेम अडकतो, म्हणून तो कधी कधी आमच्या मागे उभा राहून नुसतं सांगतो. तुमची पोस्ट वाचून मी त्याला दाखवली. तो म्हणाला, मग आपण पण तेच करतोय की.

मला न आवडणाऱ्या गोष्टी आहेत. बंदुकींच्या रंगांसाठी आणि कपड्यांसाठी सारखं दुकान समोर येतं. चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर कर्नलच्या पातळीवर चालतं, म्हणजे विंडोजच्या अगदी आतपर्यंत त्याला वाट द्यावी लागते. माझ्या लॅपटॉपवर प्रोजेक्टचं काम असतं, म्हणून मला ते खुपतं. तुमच्या मित्रांना गेम टाकायला सांगाल तेव्हा हे आधी सांगा. ऑफिसच्या लॅपटॉपवर तर टाकूच नका म्हणावं, हिंजवडीवाल्या दादांना खास.

मोहिमेचं सांगतो. तुम्ही चौघांची स्वतःची तुकडी करून आत जाऊ शकता, अनोळखी कोणी येत नाही. सुरुवातीला भूमिका वाटून घ्या, सगळ्यांनी एकच घेऊ नका. हळू चला. दारातून आत शिरताना दोघं आत, दोघं बाहेर. आम्ही धावलो तेव्हा मेलो, चाललो तेव्हा पार पडलो. एका रात्री एकच प्रकरण ठरवा, म्हणजे ड्युटीवाल्या दादांनाही जमेल.

---

वरणगावकर८९

तिघांचेही आभार. देवपूरचा गडी, तुझं बरोबर आहे, मालिका पहिल्यापासून मल्टिप्लेअर होती आणि मी माझ्या तळघराला तिचं मूळ समजत होतो. हे मला मान्य करायला दोन दिवस लागले. पण माझं दुःख त्याने कमी होत नाही. नोव्हावर्ल्ड कोणा दुसऱ्याचं होतं, माझं जे होतं ते त्या खुर्चीवर होतं. मिशन साधं होतं म्हणतोस तेही खरं असेल. आम्ही चौघं मिळून एक माणूस चालवायचो, त्यामुळे आम्हाला ते कठीणच गेलं.

शहादेकर, तुझ्या त्या तळोद्याच्या मित्राचं वाचून मी बराच वेळ तसाच बसून होतो. त्याला माझा नमस्कार सांग. नवीन गेमने माणसं तोडली असं मी मनात धरून बसलो होतो. तोडलं ते आमच्या नोकऱ्यांनी आणि अंतराने, गेम यायच्या कितीतरी आधी.

रविवारी वरणगावला गेलो होतो, लॅपटॉप बरोबर नेला. बाबा आता सत्तरीचे आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. त्यांना ती गोळ्यांची यादी दाखवली. त्यांनी चष्मा लावून ५.५६ × ४५ वाचलं, मग खाली ७.६२ × ५१ वाचलं, आणि मला विचारलं, “इथे विकत घ्यावी लागते? मग आत गेल्यावर परत येताना उरलेली जमा करता येते का?” मी म्हटलं, जिवंत आलो तर करता येते. ते म्हणाले, “मग ठीक आहे.” आणि बसून राहिले. मी एक फेरी खेळलो, त्यांच्यासमोर. बाहेर पडलो तेव्हा मॅगझिनमध्ये अकरा राऊंड शिल्लक होते. त्यांनी ते मोठ्याने वाचले. आई आतून म्हणाली, बापलेक काय मोजून राह्यले?

तिथूनच तिघांना फोन लावले. असं ठरलंय: नवीन मोहीम शनिवारी रात्री साडेनऊला, एक प्रकरण, जो असेल तो. लोको पायलट म्हणाला, कॉल आला तर मी सांगून उठेन, तुम्ही तिघं माझ्यावाचून मराल ते मरा. केळीवाल्याने आधी विचारलं, माऊस कोणाकडे? मला उत्तर देता आलं नाही, गळा दाटून आला.

आणि जुना गेम वेगळा ठेवायचा, प्रत्यक्ष भेटीसाठी. आता थंडी पडलीय. दुसऱ्या रविवारी रावेरला त्याच्या शेतात भरीत आहे. तो बामणोदची वांगी आणतोय, भाजायला पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या रचून ठेवल्यात. बडगी, म्हणजे भरीत कुटायचं लाकडी भांडं, त्याच्या आजीच्या वेळची आहे, कुटायला बाबांना खास बोलावलंय. बायका-पोरं सगळी येणार. दुपारी जेवणं झाली की मळ्यातल्या घरात चार लॅपटॉप मांडायचे, नेट नाही, फक्त वायरी. चौघांनी आपापली कॉपी विकत घेतलीय. मला नुसता लॅनच्या वायरी जोडायचा एक स्विच हवाय. आमच्याकडे कोणाकडेच नाही आणि रोजच्या कामाला लागत नसल्याने घ्यायचं कधी सुचलं नाही. कोणाकडे जुना पडून असेल तर सांगा, भुसावळपर्यंत कुठूनही आणून घेईन.

---

कॅफेवाला_चाळीसगाव

माळ्यावर आहे. आठ पोर्टचा, कॅफे बंद केला तेव्हापासून डब्यात. काल काढून पुसला, लावून बघितला, सगळे दिवे लागले. तिसरा पोर्ट ढिला आहे, तो सोडून वायरी लावा. शुक्रवारी माझा पुतण्या रेल्वेने भुसावळला येतोय, त्याच्याकडे देतो. तुमच्या लोको पायलट मित्राला स्टेशनवर घ्यायला सांगा. लॅनच्या पाच वायरीही टाकल्यात, दहा-दहा फुटी. नव्या लॅपटॉपना बहुतेक लॅनचा पोर्ट नसतो, यूएसबीचे अडॅप्टर आधी बघून ठेवा. स्विच परत करायची घाई नाही.